मी वर आहे

बापू सप्रेने पहाटे पाचला दाढी केली, साडेपाचला पुन्हा एकदा केली, आणि टेकडीच्या पायथ्याशी पोचला तेव्हा ठरलेल्या वेळेला अजून पाऊण तास होता. सात वाजता जया येणार होती. वय वर्षे चौसष्ट, जबलपूरजवळच्या रांझीच्या कारखान्यातून निवृत्त, आणि शर्ट मात्र नवा कोरा. घडीच्या रेघा तशाच.

टेकडी फार मोठी नाही. वीस-पंचवीस मिनिटांची चढण, पण अगदी उभी. सागाच्या वाळक्या पानांवरून पाय सटकतो आणि माणूस दोन पावलं चढून एक पाऊल खाली येतो. वर पोचलं की 'पॉइंट', तिथून नर्मदेचं वळण दिसतं. बेचाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत बापू जयाला घेऊन शेवटच्या वळणापर्यंत पोचला होता. एक वाक्य पाठ केलं होतं. तेवढ्यात जयाच्या चुलतबहिणीची, क्षमाची, चप्पल तुटली आणि सगळी मंडळी परत फिरली. वाक्य तसंच राहिलं. पुढे जया लग्न होऊन नागपूरला गेली. बापूने दोन बहिणींची लग्नं केली, आईचं आजारपण काढलं, आणि स्वतःकडे पाहिलं तोवर डोक्यावरचे केस गेलेले होते.

दोन वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर जया सिविल लाइंसला मुलीकडे राहायला आली. मुलगी संपदा रेल्वेत, जावई तिवारी, नात यशश्री कॉलेजात. बापूला दर रविवारी मंडळात जयाबरोबर एक कप चहा मिळू लागला. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा. आता संपदाची बदली सिकंदराबादला झाली होती आणि शनिवारी सगळे निघणार होते. जयाच म्हणाली, "बापू, जायच्या आधी तो पॉइंट एकदा दाखव. त्या दिवशी राहूनच गेला." तिच्याही लक्षात होतं, या एका गोष्टीने बापूची दोन रात्री झोप उडाली.

"एक माताजी तो अभी ऊपर गई हैं, भैया," चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं.

जया आपल्याहूनही लवकर आली! बापू धापा टाकत वर पोचला. माताजी होत्या खऱ्या, पण त्या मोहाची फुलं वेचत होत्या.

वर मोबाइलला रेंज होती. सात वाजून गेल्यावर बापूने चष्मा लावून मेसेज लिहिला, 'मी उप्पर आहो.' मग त्याला आठवलं, जया दर रविवारी त्याच्या बोलण्याला हसते. "बापू, तुझं मराठी पार जबलपुरी झालं रे!" निदान आज तरी शुद्ध लिहावं. त्याने ते पुसलं आणि नीट विचार करून लिहिलं, 'मी वर आहे. तू खाली आहेस का?' पहिला मेसेज पुसला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खाली काय झालं ते बापूला नंतर कळलं. आपण आत्ताच बघून घेऊ. जया यशश्रीच्या स्कूटीवरून सातला पोचली होती आणि टपरीमागे बाकावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. तिचा चष्मा डिक्कीत होता आणि फोन नातीकडे. आजीच्या मेसेजना उत्तरं देणं हे नातीचंच खातं. यशश्री घरात हिंदी बोलायची. मराठी तिला कळायचं, पण आपल्या हिशेबाने. 'वर' म्हणजे लग्नात घोडीवर बसतो तो, आणि 'खाली' म्हणजे रिकामं.

तिने मेसेज वाचला. मी नवरदेव आहे. तू रिकामी आहेस का?

"हाय राम," यशश्री म्हणाली, "बापूजी तो सीधे मुद्दे पे आ गए!"

आजीला साधी भाजी निवडायला अर्धा तास लागतो, हे तिला माहीत होतं. अशा कामात दिरंगाई नको म्हणून तिने परस्पर उत्तर दिलं, 'हो, मी खाली आहे. पण मुलीला विचारून सांगते.' आणि लगेच आईला फोन लावला.

वर बापूने उत्तर वाचलं. चढायला मुलीची परवानगी कशाला? गुडघ्याचं असेल. त्याने लिहिलं, 'विचारायचं काय त्यात? मी हात धरून नेतो. बेचाळीस वर्षं वाट पाहिली, आता पुरे.' हे वाचून यशश्रीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पाच मिनिटांत बापूचा फोन वाजला. संपदा होती. ती त्याला पहिल्यापासून 'बापूमामा' म्हणायची, आणि तो शब्द बापूच्या काळजात दर वेळी बारीकसा टोचायचा.

"बापूमामा, हे काय ऐकून राहिले मी? तुम्ही आईला विचारलं म्हणे!"

"विचारलं ना. गुडघ्यांमुळे ती बिचकून राहिली."

"गुडघ्यांचा काय संबंध?"

"काहून नाही? या वयात आधी गुडघेच पाहा लागतात. माझे ठणठणीत आहेत. पस्तीस वर्षं सायकलने कारखान्यात गेलो."

"पण एवढी घाई काहून? शनिवारी तर आम्ही निघून राहिलो."

"म्हणूनच तर आज! दहाच्या आत उरकून टाकू. मग ऊन चढते."

"दहाच्या आत? आज? अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक कुठले? इथे दोन-चार वानरं आहेत, बस."

"अच्छा," संपदा कशीबशी म्हणाली. "मग आता तुम्हाला मामा म्हणणं मला बंद करावं लागेल." आणि फोन कट झाला.

बापू मटकन दगडावर बसला. एवढी चिडली! नातं तोडलं! आता जयाला ती कसली वर पाठवते? समोर नर्मदेचं वळण उन्हात चमकत होतं, आणि पुन्हा एकदा ते त्याला एकट्यालाच बघायचं होतं. शनिवारनंतर रविवार येणार, मंडळात चहा येणार, आणि तो चहा आता कुणासमोर प्यायचा? त्याला फार वाईट वाटलं. बेचाळीस वर्षांपूर्वी चप्पल आडवी आली, आता गुडघा आला.

अर्ध्या तासाने वाळकी पानं वाजली. शेवटच्या वळणावरून जया येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन, नाकावर चष्मा. चेहरा लालबुंद. बापू धावला आणि खरंच हात धरून तिला दगडापर्यंत घेऊन आला.

श्वास जागेवर आल्यावर जयाने फोन पुढे धरला. "बापू, तू वर आहेस म्हणे."

"मग! तास झाला येऊन."

"आणि मी खाली आहे का, असं विचारलंस."

"हो ना. का?"

जयाने यशश्रीने लावलेला अर्थ सांगितला. संपदाला काय कळलं तेही सांगितलं. बापूला आपला एकेक शब्द आठवला. गुडघे आठवले, दहाच्या आत आठवलं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"अगं, नाही नाही, माझा तसा काही..." तो म्हणू लागला.

"संपदाने मला फोनवर सांगितलं, आई, तुझं तिकीट रद्द करायचं असेल तर आजच सांग," जया नदीकडे बघत म्हणाली. "मी म्हटलं, थांब, आधी वर जाऊन विचारते. पोरीचं मराठी कच्चं आहे, का तुझंच मन पक्कं आहे?"

पाठ केलेलं वाक्य बापूला आठवेना. बेचाळीस वर्षांत तो ते पार विसरून गेला होता. त्याने दोनदा घसा खाकरला.

"पोरीचं मराठी," तो म्हणाला, "चांगलं आहे. राहू दे तसंच."

दोघंही नर्मदेचं वळण बघत राहिले. मोहाची फुलं वेचणाऱ्या माताजी टोपली डोक्यावर घेऊन उतरून गेल्या. मग टेकडीवरच्या सगळ्यांत उंच दगडावर बसून, पदराने चष्मा पुसत जया म्हणाली,

"मी खाली आहे."