उभ्याचे दुखणे

डबल बेडच्या वर, भिंतीवर, दोन टाचांचे ठसे होते.

फर्निचरच्या दुकानाचे मालक सकाळपासून त्या ठशांकडे बघत होते. आधी चष्मा लावून, मग काढून, आणि शेवटी पॉलिशवाल्याला बोलावून.

“हे काय आहे?”

“टाचा,” पॉलिशवाला म्हणाला.

“ते मलाही दिसतंय. पण टाचा जमिनीवर असतात. भिंतीवर कशा?”

पॉलिशवाल्याने बराच वेळ छताकडे पाहिले. “वरून कुणी उतरलं असेल,” असे म्हणून तो आपल्या खुर्चीचा पाय घासायला निघून गेला.

मालकांचा स्वभाव संशयी होता असे म्हणणे म्हणजे समुद्राला ओलसर म्हणण्यासारखे होते. दुकानाला कुलूप लावले की ते ओढून बघत. थोडे पुढे जाऊन परत येत आणि पुन्हा ओढून बघत. तिसऱ्यांदा ओढताना त्यांना वाटे, हे कुलूप आपलेच आहे, की कुणी मधल्या मधे बदलले? अशा माणसाच्या भिंतीवर टाचा उमटल्या, म्हणजे त्याला त्या दिवशी जेवण गोड लागणे शक्यच नव्हते.

दुपारी मालक घरी जेवायला आणि वामकुक्षीला जात. तेवढा वेळ दुकानात एकट्या ताई असत. विक्रीचे सगळे काम त्याच बघत. त्यांच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकेसुद्धा त्यांना ताईच म्हणत आणि त्यांनी दाखवलेला सोफा मुकाट्याने घेऊन जात. आणि याच ताईंनी आदल्या दिवशी रजा मागितली होती.

“मालक, मंगळवारी सुट्टी हवी होती. नवीन डॉक्टरीणबाईंकडे जायचंय.”

“तेच दुखणं?”

“तेच.”

“ज्याचे दोन रिपोर्ट स्वच्छ आले, ते?”

“हो.”

“आणि आडवं झालं की जे थांबतं, ते?”

“हो.”

“ताई, आडवं झालं की माझंही सगळं थांबतं. धंद्याची काळजी थांबते, गुडघा थांबतो, बायकोचं बोलणं ऐकू यायचंसुद्धा थांबतं. म्हणून मी रजा मागतो का कुणाकडे?”

“तुम्ही कुणाकडे मागणार?” ताई म्हणाल्या.

ताईंचे दुखणे खरोखरच विचित्र होते. सकाळी ते नसे. दिवसभर उभे राहिले की ओटीपोट जड होत जाई, आत कुणीतरी ओल्या वाळूची पिशवी टांगावी तसे. संध्याकाळी तर चालताना ती पिशवीच पुढे आणि ताई मागे अशी अवस्था होई. एका डॉक्टरांनी गॅस सांगितला, दुसऱ्यांनी टेन्शन. तिसऱ्यांनी तर, “दोन मुलांच्या आईला थोडंफार दुखायचंच,” असे सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावले होते.

“या बाई म्हणतात, आजवर सगळ्यांनी झोपवून तपासलं,” ताईंनी समजावून सांगितले. “झोपल्यावर दुखतच नाही, तर झोपल्यावर दिसणार काय? त्या उभं करून तपासणार आहेत.”

“उभं करून? शाळेत करतात तसं?”

असला डॉक्टर मालकांनी आयुष्यात ऐकला नव्हता. मात्र समोरच्या बाजूला नवे, चकचकीत काचांचे फर्निचरचे दुकान उघडत होते आणि तिथे अनुभवी बाई हवी होती, हे त्यांनी ऐकले होते. मुलाखत उभे करूनच घेतात, हेही त्यांना ठाऊक होते.

“विचार करून सांगतो,” ते म्हणाले. त्या दुकानात याचा अर्थ ‘नाही’ असा होता.

आणि आता या टाचा. मालकांनी हिशेब जुळवला. दुपारी ही बाई दुकान वाऱ्यावर सोडून गादीवर लोळते. रंगेहाथ पकडायचे, रजेचाही प्रश्न मिटेल आणि भिंतीचाही.

दुपारी त्यांनी ताईंना सांगितले, “मी घरी जातोय.” बायकोला फोन करून सांगितले, “लाकूडवाल्याकडे बसलोय, जेवायला येत नाही.” मग मागच्या गोदामाच्या दाराने चोरपावलांनी ते आपल्याच दुकानात शिरले. बेडच्या समोर तीनदारी कपाट होते. मधल्या दाराला हवेसाठी लाकडी पट्ट्या होत्या. पट्ट्यांतून बेड छान दिसत असे. मालक आत उभे राहिले आणि त्यांनी दार ओढून घेतले. खट्ट आवाज झाला. हँगर अडकवायची दांडी बरोबर त्यांच्या मानेवर आली.

थोड्याच वेळात ताई आल्या. त्यांनी बाहेर रस्त्याकडे पाहिले, चपला काढल्या, बेडवर आडव्या झाल्या आणि दोन्ही पाय भिंतीला उभे लावले. टाचा बरोबर ठशांवर बसल्या.

‘सापडली!’ मालकांनी मनात आरोळी ठोकली आणि दार ढकलले.

दार उघडले नाही.

त्यांनी पुन्हा ढकलले. मग त्यांना आठवले. या कपाटाची कडी आतून उघडत नाही, असे सुताराने सांगितले होते. तेव्हा मालकच म्हणाले होते, “कपाटात आतून कोण उघडायला जातंय?”

हाक मारावी, तर ताई पहिला प्रश्न विचारणार, तुम्ही आत काय करताय? मालक गप्प राहिले. पट्ट्यांतून बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरले नव्हते. ताई झोपल्या नव्हत्या. डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून त्या सावकाश श्वास सोडत होत्या. लोळणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. मालक या विषयातले जाणकार होते.

तेवढ्यात दुकानाचे दार वाजले. एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची पत्नी आत आली. ताई क्षणात उठल्या, चपला घातल्या आणि हसतमुखाने म्हणाल्या, “या ना, काय दाखवू?”

“कपाट,” हेडमास्तर म्हणाले.

ताई कपाटाला पाठ करून गिऱ्हाइकांसमोर उभ्या राहिल्या. हेडमास्तरांना त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो अत्यंत प्रसन्न होता. मालकांना त्यांची पाठ दिसत होती. ताईंनी एक मूठ कमरेत रोवली होती. त्या या पायावरून त्या पायावर होत होत्या. मधेच कपाटाच्या कडेला नकळत टेकत, की पुन्हा ताठ होत. आवाजात मात्र कुठे काही नाही. “लाकूड जुनं आहे, वाळवी लागायची नाही,” असे सांगताना त्यांची मूठ पांढरी पडली होती.

हेडमास्तर घाईचे गृहस्थ नव्हते. त्यांनी कपाट उजवीकडून पाहिले, डावीकडून पाहिले, वाकून पाय पाहिले. मालकांच्या स्वतःच्या पोटऱ्यांत एव्हाना गोळे आले होते. ‘या बाई बसत का नाहीत?’ त्यांच्या मनात आले, आणि लगेच दुसरा विचार आला की गिऱ्हाइकासमोर बसायचे नाही, हा नियम आपलाच आहे.

हेडमास्तरांनी मधल्या दारावर बोटाने टकटक केली. “भरीव वाटतंय.”

आत मालक असल्यामुळे ते खरोखरच भरीव वाजत होते.

“आतून उघडतं का हो?” हेडमास्तरांच्या पत्नीने विचारले. “नातवंडं लपाछपी खेळतात.”

“नाही उघडत,” ताई म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? पण कडी बदलून देऊ आम्ही.”

असले खरे बोलल्याबद्दल मालकांनी एरवी ताईंचे कान उपटले असते. आज त्यांना एवढेच वाटत होते की, कुणीतरी म्हणा, ‘उघडून दाखवा.’

तेवढ्यात रस्त्याकडून ओळखीचा आवाज आला. “ताई, हे आलेत का इकडे?” मालकीणबाई पदराने घाम पुसत आत आल्या. “लाकूडवाल्याकडे बसलोय म्हणाले, आणि लाकूडवाला आमच्या घरी येऊन बसलाय!”

त्याच क्षणी हेडमास्तरांनी दार उघडले.

मालक मान वाकडी करून, हात जोडल्यासारखे उभे होते. 

“हे कपाटाबरोबर येतं का?” हेडमास्तरांनी विचारले.

मालकीणबाईंनी कपाटाकडे पाहिले. समोरच्या चुरगळलेल्या गादीकडे पाहिले. ताईंच्या सुटलेल्या अंबाड्याकडे पाहिले. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. इतकी वर्षे एका संशयी माणसाबरोबर संसार केल्यावर ती विद्या त्यांच्याकडेही थोडी आली होती.

“काय चाललं होतं इथे?”

“पाळत,” मालक म्हणाले. “ताईंवर पाळत ठेवत होतो.”

“कपाटातून?”

“त्या गादीवर झोपतात की नाही, ते बघायचं होतं.”

“आणि ते बघायला माझ्याशी खोटं बोललात?”

“अगं, तसं नाही. ताईंना दुखतं म्हणून त्या झोपतात.”

“दुखतं? तुम्हीच तर सगळ्यांना सांगत सुटला होतात, बाई नाटकी आहे, दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले म्हणून!”

“नाटक नाही गं! खरंच दुखतं. मी स्वतः पाठीमागून बघितलंय!”

“पाठीमागून काय काय बघितलंत?”

मालकांच्या लक्षात आले की आपले प्रत्येक वाक्य आपल्याला खोल खड्ड्यात नेत आहे. हेडमास्तरांच्या पत्नीने नवऱ्याचा हात धरला आणि ती दोघे कपाट न घेताच बाहेर पडली.

“वहिनी,” ताई शांतपणे म्हणाल्या, “मालक आत होते हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं, तर मी कपाट विकून टाकलं असतं.”

मालकीणबाईंना हसू आले, पण संशय हटला नाही. “बघते मंगळवारी,” त्या म्हणाल्या. “मी येणार तुमच्याबरोबर. डॉक्टरांच्या तोंडून ऐकेन, तेव्हा खरं.”

अशा रीतीने, ताईंना काहीच झालेले नाही असे सिद्ध करायला निघालेल्या मालकांवर, ताईंना काहीतरी झालेच पाहिजे, अशी प्रार्थना करण्याची पाळी आली.

मंगळवारी दुकान बंद ठेवून तिघे दवाखान्यात पोचले. मालक वाटेत ताईंना रिक्षात बसू देईनात. “उभ्या राहा, चाला थोडं. दुखू दे चांगलं. आज कसर ठेवू नका.”

“मालक, परवापर्यंत तुम्ही मला रजा देत नव्हता,” ताई त्यांच्याकडे संशयाने बघत म्हणाल्या.

“ते जाऊ दे. दुखतंय ना?”

“दुखतंय.”

“शाबास.”

तपासणीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होते. ताईंचे नाव पुकारले गेले, तरी त्या चटकन उठल्या नाहीत.

“भीती वाटते का?” मालकीणबाईंनी विचारले.

“दुखण्याची नाही वाटत,” ताई म्हणाल्या. “तिसऱ्यांदाही काही दिसलं नाही ना, तर माझा माझ्यावरच विश्वास राहणार नाही. घरचे म्हणतात, डॉक्टर म्हणतात, मालक म्हणतात. सगळे खोटे आणि मी एकटी खरी, असं किती दिवस म्हणायचं?”

मालकांनी बाकाच्या जोडांकडे पाहायला सुरुवात केली. जोड कच्चे होते, पण त्यांनी कुणाला सांगितले नाही.

ताई आणि मालकीणबाई आत गेल्या. मालक बाहेर फेऱ्या घालू लागले. डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, “आता उभ्या राहा. खोल श्वास घ्या, थोडा जोर द्या. अजून.” मग बराच वेळ शांतता. मालकांना वाटले, गेले सगळे. तिसरा रिपोर्टही स्वच्छ येणार आणि आपण उरलेले आयुष्य कपाटात काढणार.

दार उघडले. ताई बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“दिसलं, मालक,” त्या म्हणाल्या. “आतल्या शिरा फुगल्यात. त्यांच्या झडपा बिघडल्यात, रक्त वर जायचं ते खालीच साचतं. उभं राहिलं की भरतं, झोपलं की ओसरतं. बारीक नळी घालून त्या शिरा बंद करतात म्हणे. मोठी चिरफाड नाही.”

“अभिनंदन!” मालक इतक्या मोठ्याने ओरडले की रांगेतल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिले. “वा! सुट्टी घ्या, ताई! हवी तेवढी घ्या!” आणि मग सवयीने, “म्हणजे हवी तेवढी म्हणजे साधारण किती?”

ताई ओल्या डोळ्यांनी हसल्या.

“आणि ही कुठे राहिली?” मालकांनी अर्धवट उघड्या दारातून आत डोकावले. मालकीणबाई डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर उभ्या होत्या.

“हे संध्याकाळी वाढतं का हो?” त्या विचारत होत्या.

“बघा,” मालक ताईंच्या कानाशी कुजबुजले, “अजून संशय आहे तिला. उलटतपासणी चाललीय.”

“दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू होतं का?” आतून आवाज आला. “आणि ओट्याशी स्वयंपाक करताना पाय भरून येतात, ते त्यातलंच का?”

“काय पण चिकाटी!” मालक म्हणाले. “वकील व्हायला हवी होती.”

आत डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारले, “तुम्हाला किती वर्षं होतंय?”

मालकांनी कपाटातून पाहिल्यासारखे फटीतून पाहिले. मालकीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी आपली पर्स नवऱ्याच्या हातात दिली.

“धरा. मलाही तपासतायत.”

“तुला? तुला कुठे काय होतंय? मला कधी बोलली नाहीस!”

“बोलले होते,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, जरा पड, बरं वाटेल. मी पडले. बरं वाटलं. तुम्ही म्हणालात, बघ, काही नव्हतंच.”

दार लागले.

ताईंनी सरकून बाकावर जागा केली. “बसा, मालक.”

मालक बसले. पर्स त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.  आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “हं, आता सरळ उभ्या राहा.”

बाहेर मालकही उठून सरळ उभे राहिले.