खिडकीतून दिसणारं शेत: रंग, वास व इतर तक्रारी

शेत हे मुळात लांबून बघण्यासाठी असतं, ही गोष्ट शहर जवळ येईपर्यंत शेतकऱ्याच्या ध्यानात येत नाही. काकूंच्याही आली नव्हती. लग्न झाल्यापासून त्या आपल्या पेरत आणि खुरपत बसल्या. (अज्ञान. दुसरं काय?)

मग बांधाला लागून अकरा मजली इमारत उठली आणि काकूंच्या तीन एकरांना ‘दर्शनी हरितक्षेत्र’ असा दर्जा मिळाला. दर्जा इमारतीच्या जाहिरातीत मिळाल्यामुळे काकूंना कळवण्याची गरज पडली नाही.

जाहिरातीचा फोटो काढला तेव्हा शेतात सूर्यफूल होतं. खिडक्या त्या पिवळ्या रंगावर विकल्या गेल्या. पुढे सूर्यफूल निघालं, काकूंनी नांगरट केली आणि खिडक्यांना ढेकळं दिसू लागली.

तक्रारी येणेप्रमाणे:

एक. शेत तपकिरी आहे.

दोन. ट्रॅक्टर आवाज करतो. बैल चालतील. (फोटोत चांगले येतात.)

चार. सुट्टीच्या दिवशी शेतात माणसं राबताना दिसतात. उगाच अपराधी वाटतं.

(तीन नंबरची तक्रार तक्रारदारांचं आपसांत बिनसल्यामुळे रद्द.)

पाच, आणि मुख्य: शेणखत.

खतावरच घोडं अडलं होतं. कांद्याचं रोप लावणीला आलेलं. या आठवड्यात लागलं नाही तर ते जून होणार आणि हंगाम हातचा जाणार. पण नगरपालिकेचा माणूस येऊन सांगून गेला होता, की सोसायटीची सभा होईपर्यंत खताला हात लावायचा नाही. ढीग ताडपत्रीखाली स्थानबद्ध. काका रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन येत, दवाखान्यातल्या पाहुण्याला भेटून यावं तसे.

“सभेला मी जाऊ का?” काकांनी विचारलं.

“तुम्ही चहा पिऊन परत याल,” म्हणत काकूंनी चपला घातल्या.

सभा पार्किंगमध्ये भरली. ‘शेत वाचलं पाहिजे’ हा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. ‘शेती बंद झाली पाहिजे’ हाही त्याच गजरात संमत झाला. (मध्ये टाळ्या थांबल्याच नाहीत.)

“म्हणजे मी नेमकं करायचं काय हो?” काकूंनी विचारलं.

“काहीच नाही, ताई,” अध्यक्ष मायेनं म्हणाले. “आहे तसं राहू द्यायचं.”

“गवत माजेल कमरेएवढं.”

“पिवळं असतं का?” चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी आशेनं विचारलं.

“हिरवंच. साप निघतात त्यातून.”

सभा गंभीर झाली.

“नाहीतर बिल्डरला देऊन टाकते,” काकू मोकळेपणानं म्हणाल्या. “येतो बिचारा दर आठवड्याला. बावीस मजले काढतो म्हणाला. संडासाच्या खिडक्या तुमच्या बाजूला येतील, तेवढीच तुम्हाला सोबत.”



शेवटी अध्यक्षांनीच वाट काढली. हरकत वासाला आहे, उपक्रमाला नाही. सबब खत पसरण्यास ‘मृदागंध सप्ताह’ म्हणावं. म्हटलं. वास तोच राहिला, पण आता तो कार्यक्रम होता. आई-वडील मुलांना घेऊन खाली उतरले आणि रांगेत उभे राहून दीर्घ श्वास घेऊ लागले. फुप्फुसांना हे चांगलं असतं, असं बहुमतानं ठरलं.

कांदा लागला.

काकू खूश, काका खूश, सोसायटी खूश. सगळ्यात खूश बिल्डर. शेत कायम राहणार म्हटल्यावर खिडक्यांचा भाव वाढला. त्याने उत्तरेची जमीन घेतली, मग दक्षिणेची. प्रत्येक इमारतीने पुढच्या इमारतीला तत्त्वतः विरोध केला. (तत्त्व असं, की शेवटची इमारत आपली असावी.) आता काकूंच्या खुरपणीकडे तीन बाजूंनी बघता येतं, आणि काकूही अधूनमधून हात हलवतात.

पूर्व तेवढी मोकळी आहे. पिकाला जे काय ऊन मिळतं, ते तिकडूनच.

परवा आपण फोनवर ज्या फ्लॅटची चौकशी केलीत, तो याच पूर्वेला होणाऱ्या इमारतीतला. रविवारी बघायला जरूर या. खिडकी येणार आहे तिथून कांदा फार सुरेख दिसतो. कधीपर्यंत दिसेल, ते आपण बुकिंग कधी करता यावर आहे.