ब्रीमच्या पोटाचा रंग

हॉइट प्रुइटला हिरव्यातला आणि केशरी-लालमधला फरक कळत नव्हता, आणि ही गोष्ट जगात एकट्या नेल्डाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक होती. चाळीस वर्षं दोघं एका होडीत बसून बास मासे पकडत आली. नेल्डा आधी बासचं रोजचं खाणं असलेला एक छोटा ब्रीम मासा पकडायची, उन्हात धरून त्याची पाठ-पोट न्याहाळायची आणि डब्यातला नेमका त्या रंगाचा रबरी मासा नवऱ्याच्या हातात ठेवायची. बास काही खुळा नसतो. आपल्या तळ्यातला रोजचा ब्रीम दिसला तरच तो तोंड उघडतो. "रंगाची नजर असावी तर हॉइटसारखी!" असं तळ्यावरचे लोक म्हणायचे, आणि नेल्डा गालातल्या गालात हसायची.

आता नेल्डा तुल्साला, लेकीकडे. टोन्याला जुळी झाली, "दोन आठवड्यांत येते" म्हणून गेली आणि हा अकरावा आठवडा चालला होता. निघताना एवढंच म्हणाली होती, "पास्टरच्या घरामागच्या धक्क्याखालची ती गळाला लागली की सांग. त्याच दिवशी निघते." 'ती' म्हणजे नऊ पौंडांची बास मादी. मागच्या मे महिन्यात तिनं नेल्डाची दोरी तोडली होती.

हॉइटला घर खायला उठलं होतं. पण 'परत ये' हे दोन शब्द त्याला फोनवर काही केल्या बोलता येईनात. त्यापेक्षा नऊ पौंडांची बास पकडणं त्याला सोपं वाटलं. त्यानं बादलीत एक ब्रीम आणून ठेवला आणि फोन लावला.

"नेल्डा, यंदाच्या ब्रीमचं पोट कसल्या रंगाचं आहे गं?"

"मला इथून कसं दिसणार रे?"

"तेच म्हणतोय मी. इथून दिसलं असतं."

 पलीकडे एक बाळ रडलं, पाठोपाठ दुसरं, आणि फोन बंद झाला.

डब्यातले रबरी मासे त्याला सगळे सारखेच दिसत होते. शेवटी त्यानं एक पांढरा घेतला आणि स्वतःच रंगवायचं ठरवलं. त्यासाठी नेलपॉलिश उत्तम. औषधांच्या दुकानात ट्वायला गल्ल्यावर होती.

"मिस नेल्डासाठी का, मिस्टर हॉइट?"

"छे, नेल्डा कुठाय इथे!"

"मग कुणासाठी?"

सरळ सांगायचं, तर मागेच वेंडेल उभा होता. तळ्यावर त्याच्याइतका चोंबडा माणूस नव्हता, आणि मासेमार आपली जागा आणि रंग सख्ख्या भावालाही सांगत नाही. हॉइट पुढे वाकून कुजबुजला, "आहे एक. वर्षभर तिच्या मागे आहे. पण तिच्या मनासारखा रंग नसला की ढुंकून बघत नाही."

ट्वायलाचे डोळे विस्फारले. "कसला रंग आवडतो तिला?"

"हिरवा, केशरी, थोडा निळा. तू निवडून दे. मला यातलं काही कळत नाही."

रविवारपर्यंत गावभर झालं. चर्चच्या दारात बायकांनी हॉइटला पाहून तोंडं फिरवली. पास्टरनी त्याला बाजूला घेतलं. "हॉइट, तू कुणाच्या तरी नादी लागलायस म्हणे?"

पास्टरही गळ टाकणारे. पण देवाच्या दारात खोटं कसं बोलायचं?

"लागलोय," हॉइट म्हणाला.

"कुठे असते ती?"

"तुमच्याच घरामागे."

पास्टरांना हातातल्या कॉफीचा असा ठसका लागला की चौघांनी पाठ चोळली. तेवढ्यात हॉइट सटकला.

मंगळवारी दुपारी तो ओसरीत बसला होता. रंगवलेला मासा घेऊन सलग दोन दिवस धक्क्यापाशी घालवले, पण तिनं शेपटीसुद्धा हलवली नव्हती. इतक्यात गाडी थांबली आणि नेल्डा उतरली. दहा तास गाडी हाकून आली होती. ओसरीत टांगलेला मासा तिनं बोटानं फिरवून पाहिला.

"पाठ केशरी, पोट हिरवं! अगदी उलटं! हा ब्रीम आहे की पास्टरीणबाईंची ईस्टरची रंगीबेरंगी टोपी?"

"नेल्डा, शपथ सांगतो, बाईबिई कुणी नाही..."

"ठाऊक आहे मला. ट्वायलानं फोन केला. वर्षभर मागे, रंग लागतो मनासारखा... मी हसून हसून मेले."

"मग आलीस कशाला?"

नेल्डा त्याच्या शेजारी टेकली. "टोन्या सोडतच नव्हती रे. रोज आपलं, 'मम्मा, अजून एक आठवडा.' लेकीला कसं सांगू, की मला नातवंडांपेक्षा म्हाताऱ्याची आठवण येते? म्हटलं, तुझ्या डॅडीनं बाई ठेवलीय. तिनंच बॅग भरून दिली."

 अकरा आठवडे हॉइटला वाटत होतं, वाट आपण एकटेच बघतोय.

आत फोन वाजला. "टोन्याच असेल," नेल्डा म्हणाली. "घे. आणि आवाज जरा पडलेला ठेव."

"डॅडी, खरं आहे का हे?"

नेल्डानं त्याचा हात घट्ट धरला होता.

"खरं आहे, पोरी."

"लाज नाही वाटली तुला? आणि मम्मा परत इकडे आली तर?"

"तर काही सांगता येत नाही गं," हॉइट पडेल आवाजात म्हणाला. "माझा भरवसा नाही."