झिपरूने इंजिन चालू केलं

एका जंगलात, बाळांनो, गाड्या पुष्कळ होत्या आणि चालणाऱ्या थोड्या. म्हणून सिंहमहाराजांच्या आजोबांनी तिथे मोटार मेकॅनिकची शाळा काढली. त्यांची स्वतःची जीप चढावर बंद पडली होती, ती पुन्हा चालू झालीच नाही. तिचं इंजिन उतरवून त्यांनी शाळेला दान दिलं, फीत कापली, नारळ फोडला आणि ते घरी चालत गेले.

त्या एका इंजिनावर जंगलाच्या पिढ्या शिकल्या.

या शाळेत झिपरू नावाचा एक साळिंदर शिकत होता. डोंगराखाली त्याच्या ठकूआत्याचं गॅरेज होतं. पंक्चर काढून काढून आत्याची कंबर गेली होती. ती म्हणाली होती, "झिपऱ्या, भिंतीवर सर्टिफिकेट लाव आणि गॅरेज घे. सर्टिफिकेट नाही मिळालं तर मी गॅरेज त्या मुंगसाच्या पोराला देणार. तो निदान गोड बोलतो."

झिपरूचा जीव त्या गॅरेजात अडकला होता. लहानपणी तो तिथल्या टायरमध्येच झोपत असे.

आता तुम्ही विचाराल, शाळेत शिकवत काय. सांगतो. पहिल्या वर्षी इंजिनाकडे लक्षपूर्वक पाहायचं. दुसऱ्या वर्षी ते का चालू होत नाही, याची कारणं पुस्तकातून पाठ करायची. मग परीक्षा. हँडल मारायचं, इंजिन चालू होत नाही अशी परीक्षकांची खात्री पटवायची आणि खणखणीत आवाजात कारणं सांगायची. आवाजाला वेगळे गुण होते. टाकीत पेट्रोल मात्र दर वर्षी ताजं भरत, कारण एकदा नाही भरलं तर पुढे मंजूर होत नसे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव चालला होता. झिपरूने हँडल मारलं. इंजिन खोकलं. ते रोजच खोकत असे, पण त्या दिवशी झिपरूला वाटलं, याला काहीतरी सांगायचंय. त्याने वाकून कार्ब्युरेटरला डोळा लावला. पेट्रोल जायच्या बारीक भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. झिपरूने पाठीवरचा एक काटा उपटला, भोक साफ केलं आणि पुन्हा हँडल मारलं.

इंजिन चालू झालं.

वर्गात एकच पळापळ झाली. अस्वल बाकाखाली शिरलं आणि बाक घेऊनच बाहेर पडलं. वर्ग शिकवणारे तरस सर फळ्यामागून ओरडले, "बंद कर ते आधी."

"कसं करायचं, सर?" झिपरूने विचारलं.

तरस सरांनी पुस्तक चाळलं. चालू इंजिन बंद कसं करायचं, हे पुस्तकात नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. त्यांनी इंजिनावर ओला टॉवेल टाकून पाहिला. टॉवेल वाळला.

एकटा झिपरू इंजिनावर हात ठेवून उभा होता. इंजिन थरथरत होतं आणि त्याच्याबरोबर तोही. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. दुपारी पेट्रोल संपलं, तेव्हा इंजिन आपणहून थांबलं.

मग प्राचार्य रानगवेसाहेब आले.

"इंजिनाला हात कोणी लावला?"

"मी, साहेब. दुरुस्त झालं."

"तू इथे कशाला आलास, बाळ?"

"दुरुस्ती शिकायला."

"मग शिकायची. करायला कोणी सांगितलं?" साहेबांनी तरस सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या परीक्षकांपुढे हे चालू झालं, तर पोरं कारणं कशाची सांगणार? पुढची बॅच शिकणार कशावर? या तरस सरांनी आयुष्यभर जे शिकवलं, त्याचं काय करायचं? सकाळपर्यंत होतं तसं करून ठेव. नाहीतर सर्टिफिकेट विसर."

मुलं मदतीला धावली. अस्वलाने इंजिनाला हातोडा घातला. थोडं पेट्रोल घालून पाहिलं, तर इंजिन आधीपेक्षा सुरेल चालू लागलं.

"वायर काढून टाकू का?" झिपरूने विचारलं.

"छे," तरस सर म्हणाले. "वायर काढलेली दिसते. कोणालाही सापडणार नाही असाच बिघाड हवा. आपल्या शाळेचं नाव आहे."

शेवटी झिपरू कुंभारमाशीकडे गेला. ती खिडकीत चिखलाची गोळी घेऊन रुसून बसली होती.

"मावशी, चुकलं माझं. पुन्हा तिथेच घर बांधाल का?"

"म्हणजे तू पुन्हा मोडशील."

"आईशप्पथ नाही मोडणार."

"पाठीवरच्या काट्यांची शपथ घे."

झिपरूने तीही घेतली. माशी कामाला लागली आणि तो बाजूला बसून पाहत राहिला. भोक बुजत गेलं तसं त्याला रडू आलं. अंधार पडायच्या आत इंजिन पूर्ववत झालं. तरस सरांनी झिपरूची पाठ थोपटली आणि मग हाताला हळद लावली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक म्हणून बगळेसाहेब आले. झिपरूने हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. झिपरूने पुस्तकातली सगळी कारणं खणखणीत आवाजात सांगितली. वायसर घासलेला, प्लग ओला, टायमिंग हललेलं.

"छान," बगळेसाहेब म्हणाले. "आणखी एखादं कारण?"

तरस सरांनी डोळे मिटून घेतले. खिडकीत कुंभारमाशी पंख आवरून बसली. झिपरूच्या ओठावर खरं कारण आलं होतं. मग त्याला ते गॅरेज दिसलं, तो टायर दिसला आणि त्या टायरवर बसून गोड बोलणारं मुंगसाचं पोरगं दिसलं.

"नाही, साहेब," झिपरू म्हणाला.

तो शाळेत पहिला आला.

ठकूआत्याने सर्टिफिकेट भिंतीवर लावलं, त्याला झेंडूचा हार घातला आणि कोपऱ्यातली आपली जुनी मोपेड पुढे ओढली. "ही तुझ्यासाठीच ठेवली होती, झिपऱ्या. कर चालू."

झिपरूने किक मारली. मोपेड खोकली. तो खोकला त्याने लगेच ओळखला. त्याचा हात आपोआप पाठीवरच्या काट्याकडे गेला. मग त्याने भिंतीकडे पाहिलं. हात खाली आला. त्याने छाती पुढे काढली आणि मोपेड का चालू होत नाही, याची सगळी कारणं खणखणीत आवाजात सांगितली.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने शेजारच्या सशिणीला हाक मारली, "अगं ये, ऐक. इतकी वर्षं ही नुसतीच बंद होती. का बंद आहे, ते आज कळलं."

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजपुढे रांग लागली. जो तो आपली गाडी ढकलत आणी, कारणं ऐके आणि समाधानाने ढकलत परत नेई. त्या जंगलात आता सगळे पायी चालतात. पण का चालतात, ते प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

तात्पर्य: बाळांनो, मन लावून शिका. पण इतकंही मन लावू नका की एखादी गोष्ट चालू होईल.