पहिले वीस फोटो खोटे

फोटो क्रमांक एक. हा निघालाच नाही. निघाला असता, तर त्यात कुलुपांच्या कारखान्यातले बावीस कामगार श्वास रोखून उभे दिसले असते. मधोमध मालक, चेहऱ्यावर दाढ दुखत असल्यासारखं हसू.

फोटो क्रमांक दोन ते वीस. तसेच.

मासिकाच्या फोटोग्राफरची, म्हणजे दादाची, पद्धतच ती होती. कॅमेऱ्यात कार्ड न घालताच तो वीसदा खटखट करायचा. तेवढ्यात माणसं ताठ राहून राहून कंटाळायची, सैल पडायची. मग "थांबा हं, कार्ड बदलतो," म्हणत तो कार्ड घालायचा आणि खरे फोटो काढायचा. हे गुपित जगात एकालाच ठाऊक होतं. पाच वर्षं त्याच्याबरोबर दौरे करणाऱ्या, मजकूर लिहिणाऱ्या लेखकरावाला.

त्या दिवशी निघताना संपादकबाईंनी लेखकरावाला बाजूला घेतलं होतं. "मुखपृष्ठाला हसरा फोटो हवाय, चारपर्यंत. नाहीतर पुढच्या दौऱ्यापासून तू एकटाच जा. मोबाईलवर काढ."

म्हणून दादा कार्ड शोधत असताना लेखकरावाने मालकांपाशी त्याची तारीफ सुरू केली. मालकांनी बाईंना दोन चांगले शब्द सांगावेत, एवढाच हेतू. पण तारीफ रंगली. इतकी रंगली, की वीस खोट्या फोटोंपर्यंत पोचली.

"म्हणजे मघापासून मी जे हसलो," मालक म्हणाले, "ते गेलं कुठे?"

"कुठेच नाही, साहेब! हीच तर कला!"

"अहो, गाल दुखले माझे!"

अर्ध्या मिनिटात बातमी शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"दादा, आता खरा का?"

"खरा."

बावीस माणसं पुन्हा खांब झाली.

"बरं, खोटा," दादा म्हणाला. एकाने नाकात बोट घातलं, दोघे पाणी प्यायला गेले, मालकांनी फोन लावला.

(इथे फोटो हवा होता. नाही.)

"आधी कार्ड दाखवा!" मालकांनी हट्ट धरला. दर फोटोआधी दादा कॅमेऱ्याचं झाकण उघडून दाखवू लागला, जादूगाराने रिकामी टोपी दाखवावी तसा. पावणेचार वाजले.

"यांना सांगितलं कोणी?" दादाने विचारलं.

लेखकराव वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

दिवसाला दहा शब्द बोलणारा दादा फुटला. "तू? पाच वर्षं माझ्या कानाशी घोरतोस, कधी तोंडावर 'बरा आलाय फोटो' म्हणालास? आणि तारीफ करायला आज मुहूर्त सापडला तुला? तीही परक्यापाशी?"

"दादा, तुमच्या भल्यासाठीच..."

"वैऱ्यानेसुद्धा इतकं भलं केलं नसतं रे माझं!"

लेखकराव एक पाऊल मागे सरकला. आणखी एक. आणि किल्ल्यांच्या पेटीत जाऊन बसला. खण्णकन.

फोटो क्रमांक एकोणचाळीस. हा निघाला, कारण दादाचं तोंड चालू होतं तसं बोटही. बावीस माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळून हसतायत, मालकांनी डोळे पुसायला चष्मा काढलाय, आणि सगळ्यांची नजर चौकटीबाहेर, डावीकडे, खाली.

चारला दोन मिनिटं असताना फोटो गेला. चार वाजता बाईंचा फोन आला. दादाने तो स्पीकरवर ठेवला. लेखकराव उभ्यानेच ऐकत होता, बसवत नव्हतं.

"दादा, कमाल केलीत! पुढचे सगळे दौरे तुमचेच. पण हसवलंत कसं हो?"

"मी नाही. त्याने."

लेखकरावाला भरून आलं.

"मग त्यालाही पाठवते ना बरोबर?"

"पाठवाच. फक्त हातात वही नको. मोकळा असला की पडतो छान."

"अहो, मग मजकूर?"

"त्याला पेटीतून बाहेर काढत होते तेवढ्यात मी चार ओळी खरडल्यात. पाठवल्यात फोटोबरोबर."

पलीकडे बाई वाचत होत्या. लेखकराव पँटमधून एक किल्ली काढत होता.

"बरं लिहिलंय हो तुम्ही!"

दादाने फोन ठेवला आणि लेखकरावाकडे वळला.

"ऐकलंस? असं म्हणायचं असतं. तोंडावर."