एका टाकीत वेंगुर्ला

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत सकाळी कुणी योगासनं करतं, कुणी तुळशीला पाणी घालतं. शेजारचे सबनीस मात्र पार्किंगमध्ये आपल्या छोट्या गाडीच्या चाकापुढे गुडघे टेकतात. खिशातून शिवणाची टेप काढून मापं घेतात, टायरच्या नक्षीत काडेपेटीतली काडी खुपसून खोली बघतात, अंगठ्याने रबर दाबतात. मग गुडघा धरून उठत म्हणतात, "फरक पडतो, वहिनी!"

वहिनी म्हणजे मी. सबनिसांचा जन्म सरकारी खात्यात नकाशे काढण्यात गेला. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी माणूस अजून रेघेवर चालतो. पेट्रोल पंपावर गेले की गाडीतून उतरून, चष्मा पुसून मीटरवरचा झीरो बघणार. बसल्या जागी बघितला तर चालत नाही. का, तर फरक पडतो.

ती टेप मालूताईची, त्यांच्या बायकोची. माझ्या कपाटातले निम्मे ब्लाउज तिच्याच हातचे. पण दोन वर्षांपासून मालूताईला विसर पडायला लागला. आधी गॅस, मग नावं, मग जिने. आता संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दारात उभी राहते. आयुष्यभर आमच्याशी पुस्तकासारखं बोललेली बाई, आता म्हणते, "माका घराक जावचा आसा." घर म्हणजे वेंगुर्ल्याचं माहेर. तिथे तिचा थोरला भाऊ आहे, नव्वदीला टेकलेला. तो आहे आणि तिला ओळखू येतोय, तोवर एकदा भेट घडवायची, एवढंच सबनिसांच्या डोक्यात होतं.

"मग जा की भाऊजी! एवढ्या लांब गाडी चालवायची नसेल तर रेल्वेने जा."

"गर्दीत हात सुटला तर?"

"मग गाडीने जा. अडलंय कुठे?"

"टायर," ते म्हणाले.

टायर झिजले होते, हे खरं. पण त्यांची अट वेगळीच होती. एका टाकीत वेंगुर्ला गाठायचं, वाटेत पंपावर थांबायचं नाही. जुनी गाडी, एसी लावायचा, वर घाट. हिशेब जेमतेम बसत होता. म्हणून पेट्रोल वाचवणारे टायर. सोसायटीत सगळे हसले. "सबनीस, उतारावर इंजिन बंद करा!" मलाही वाटलं, काय हा चिकटपणा! बायको अशी, आणि याचं चित्त पेट्रोलमध्ये.

तळवलीला हरेशशेठचं टायरचं दुकान आहे, तिथे त्यांनी मलाही नेलं. मालूताईचा हात धरायला.

"काका, चौदा इंची टाका, अलॉयवाली," हरेशशेठ म्हणाला. "गारी हिरोसारकी दिसंल."

"तेराचं चौदा केलं की टायरची भिंत पातळ होते. प्रत्येक खड्डा हिच्या मणक्यात बसणार. आणि रुंद टायर पेट्रोल पितो."

"मंग तेराच घ्या. यो बगा, पेट्रोल वाचवनारा. हलका फिरतंय."

"हलका फिरतो म्हणजे ओल्या रस्त्यावर घसरणार?"

"नाय घसरनार."

"कशावरून?"

हरेशशेठने कपाळाला हात लावला. "काका, तुमी आठव्यांदा आलाव. मी पोरीचं लगीन दोन भेटीत जमवलं!"

तेवढ्यात मालूताईने सबनिसांच्या खिशातून टेप ओढली आणि हरेशशेठच्या छातीभोवती टाकली. "हात वर करा," ती म्हणाली. एवढा आडदांड माणूस, दोन्ही हात वर करून उभा राहिला. "मावशे, जरा सैल शिव हां," म्हणाला.

टायर न घेताच परत आलो. थंडी निम्मी सरली होती आणि हा माणूस तेरा-चौदातच अडकलेला. माझी सटकली. "भाऊजी, वाटेत पेट्रोल भरलं तर काय आभाळ कोसळेल का? बाईमाणूस आहे, तिला थांबावं लागणारच!"

"थांबू की. तेव्हा हात धरलेला असतो."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, खाली बघत. मागच्या वर्षी पनवेलच्या पुढे एका पंपावर ते झीरो बघायला उतरले. वळून पाहिलं तर दार उघडं आणि सीट रिकामी. अर्ध्या तासाने सापडली, हायवेच्या कडेला. धडाधड ट्रक जातायत आणि ही पिशवी घेऊन एसटीला हात दाखवतेय.

"झीरो बरोबर होता, वहिनी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मी येते. मागे बसते, तिचा हात धरून."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वजन किती तुमचं?"

"भाऊजी!"

"नाही, फरक पडतो. मागच्या टायरात हवा वाढवावी लागेल."

तेरा इंचीच टायर बसले, पेट्रोल वाचवणारे. पहाटे निघालो. सबनिसांचा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. कणकवलीला एसी बंद केला. कुडाळच्या अलीकडे पेट्रोलचा दिवा लागलाच. माझ्या वजनाने की घाटाने, देव जाणे. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी मालूताईचा हात घट्ट धरला आणि गाडी पंपावर वळली.

पंपावरचा माणूस खिडकीशी वाकला. "काका, झीरो बघा."

सबनीस उतरले नाहीत. आरसा मागच्या सीटवर वळवून त्यात बघत बसले होते. "असू दे," म्हणाले, "काय फरक पडतो."

आरशात मालूताई माझ्या मनगटाचं माप घेत होती.

वेंगुर्ल्याला भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मालूताई उतरली, दोन पावलं गेली, थबकली. मग ती म्हणाली, "दादा, कितको वाळलंस रे!" आणि टेप काढून त्यांचे खांदे मोजायला लागली.

मी सबनिसांकडे वळले. ते गाडीच्या पलीकडे पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसले होते, मान खाली घालून.

"हवा बघतोय, वहिनी," म्हणाले.

बराच वेळ बघत होते.