बाळंतपण आणि गाडीची सरासरी

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांनी विजेवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा घरात कोणालाही धोक्याची चाहूल लागली नाही. गाडी पांढरी होती आणि आवाज करत नव्हती. निरीक्षकांची पत्नी म्हणाली, "इतकी गरीब गाडी मी पाहिली नव्हती."

गाडीत दोन बटणं होती. एक काटकसरीचं, दुसरं जोराचं. प्रसंग पाहून दोन्ही वापरावीत, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. पण शहरात एक वीजबचत मंडळ होतं आणि ते दर आठवड्याला विजेच्या गाड्या चालवणाऱ्यांची क्रमवारी लावी. ती गाडीतल्या पडद्यावर घडोघडी बदलताना दिसे. पहिल्याच आठवड्यात निरीक्षक दुसरे आले. पहिले आले त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे दातांचे डॉक्टर. शेवटून तिसऱ्या आलेल्या माणसाला झोप लागते. दुसऱ्या आलेल्याला लागत नाही.

निरीक्षकांनी आधी एसी बंद केला. मग खिडक्या बंद केल्या, कारण आत शिरलेला वारा गाडीला मागे ओढतो. त्या गाडीतून उतरणारी माणसं उकडलेल्या बटाट्यांसारखी दिसू लागली. मग जादा चाक काढून माळ्यावर गेलं. पत्नीच्या पर्सचं वजन झालं आणि तिच्यातला आरसा घरी राहिला. सासूबाईंना काट्यावर उभं करण्याची मात्र निरीक्षकांची छाती झाली नाही. त्यांनी फक्त बसचा प्रवास किती सुखाचा असतो, ते सांगितलं. सासूबाई बसने पाहुण्यांकडे गेल्या, चहा पिऊन परत निघाल्या, तेव्हा त्याच पाहुण्यांकडे निघालेली जावयाची गाडी त्यांना वाटेत समोरून येताना दिसली. निरीक्षकांनी ओळख दाखवायला हॉर्न वाजवला नाही. हॉर्नलाही वीज लागते.

अशात लेकीचे दिवस भरले. एका दुपारी कळा सुरू झाल्या. लेक, जावई आणि पत्नी घाईघाईने गाडीत बसले. निरीक्षक सावकाश बसले.

"अहो, जरा जोरात घ्या," पत्नी म्हणाली.

"चाळिसाच्या वर गेलं की गाडी वीज पिते."

"बाबा, कळा वाढतायत," मागून लेक म्हणाली.

"श्वास सावकाश घे. घाईने काही साधत नाही."

हॉस्पिटल टेकडीवर होतं आणि सरळ रस्ता चढाचा होता. निरीक्षकांनी गाडी दुसरीकडे वळवली. "इकडून आधी उतार लागतो. उतारावर पाय उचलला की बॅटरी भरते."

"पण बाबा, जेवढं उतरू तेवढं परत चढायचंच आहे ना?" जावयाने विचारलं.

"ते पुढचं पुढे."

पुढचं पुढे आलंच. चढाच्या पायथ्याशी निरीक्षकांनी आरशातून जावयाकडे पाहिलं. जावई अंगाने भरलेला होता. "तुम्ही चालत येता का? चढ काही मोठा नाही." बिचारा उतरला. पहिल्या वळणापर्यंत तो गाडीच्या पुढे गेला होता आणि तिथे थांबून तो गाडीची वाट पाहू लागला.

ते पाहून लेकीने दात आवळले, दोन सीटांच्या मधून हात घातला आणि जोराचं बटण दाबलं. निरीक्षकांच्या पायालाही काय झालं कोण जाणे, तो खाली गेला. गाडी सुटली. जावई मागे राहिला, वळणं मागे राहिली. हॉस्पिटलच्या दारात नर्स धावत आली, तोवर नात मागच्या सीटवर, आजीच्या हातांत, येऊन पोचलीही होती. तिने पहिला टाहो फोडला. निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. त्यांचं नाव यादीत तळाला गेलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं बरंचसं नातीसाठी होतं.

मंडळाने त्यांना सुनावणीला बोलावलं. पत्नीही बरोबर गेली.

"जोराचं बटण का दाबलं गेलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुलीचं बाळंतपण होतं."

"ते अचानक उद्भवलं का?"

"नाही. तसं नऊ महिन्यांपासून ठाऊक होतं."

"मग सावकाश निघायला पुरेसा अवधी होता," अध्यक्ष म्हणाले. निरीक्षकांनी मान खाली घातली. त्यांनाही ते पटलं होतं.

पत्नीचा मात्र संयम संपला. "चढावर गाडीत तिघं होतो, दारात पोचलो तेव्हा चौघं झालो. दर माणशी वीज कमीच लागली की. तेही लिहून घ्या."

ती टोमणा मारत होती. मंडळाने तो हिशेबात धरला. सदस्य आत गेले, कुजबुजले, पुन्हा बाहेर आले. धावत्या गाडीत प्रवासी वाढवणारा असा चालक मंडळाला आजवर लाभला नव्हता. निरीक्षक शहरात पहिले आले.

दुसऱ्याच दिवशी दातांचे डॉक्टर रिकाम्या हाताने, पण हसतमुखाने वर आले. "बाळाला जरा गाडीतून फिरवून आणू का? वजन काहीच नाही, आणि माणूस मात्र पूर्ण एक धरतात." त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरचे वकील उभे होते. त्यांच्यामागे जिन्यात आणखी काही जण होते. निरीक्षकांनी सगळ्यांना वार वाटून दिले.

"बाबा, तिचं अजून नावसुद्धा ठेवलं नाही," लेक म्हणाली.

"मंडळात तिची नोंद चौथा प्रवासी अशी आहे. तूर्त तेवढं पुरे."

तुम्हाला हसू येत असेल. जरूर हसा. फक्त आजची दहा हजार पावलं भरावीत म्हणून खुर्चीत बसल्याबसल्या तो घड्याळ बांधलेला हात हलवताय ना, तो तेवढा थांबवून हसा.